वटवाघळाचा कान

नॅनोशेठ सगळ्यांना नावं ठेवायचा, आणि त्यात आपपरभाव करायचा नाही. कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना तो कारकून म्हणायचा, गणितवाल्यांना ज्योतिषी, आणि संस्थेच्या संचालकांना, ते समोर नसतील तेव्हा, साबण. संस्थेतल्या लोकांनी त्याला नॅनोशेठ हे नाव ठेवलं ते सूड म्हणूनच. काम पटकन झालं असं कुणी म्हणालं की हा विचारणार, "पटकन म्हणजे किती? नॅनोसेकंदात सांगा." लिफ्ट यायला अर्धं मिनिट लागलं तरी त्याच्या कपाळावर आठी. चोपन्न वर्षांचा माणूस, डोक्यावर मोजके केस, खिशात स्वतःचा स्क्रूड्रायव्हर, आणि जग आपल्यापेक्षा हळू चालतं ह्याचा कायमचा राग.

ह्या रागाला सुदैवानं एक काम मिळालेलं होतं. तो वटवाघळाचा कान बनवत होता.

कानाच्या आत शंखासारखी गुंडाळलेली एक नळी असते. तिच्या तोंडाशी उंच स्वर थरथरतात, आत जावं तसे खालचे. आवाज शिरला की त्याची अशी वाटणी होते, आणि ती सगळीकडे एकाच वेळी होते. ही नळी नॅनोशेठनं एका बोर्डावर उतरवली होती. बोर्डावरची चिप अशी, की तिच्या आतली जोडणी हवी तशी लिहून बदलता येते. आज ती रेडिओ होईल, उद्या कान. तिच्यात त्यानं दीडशे फिल्टर मांडले होते, म्हणजे नळीवरच्या दीडशे जागा, आणि प्रत्येक जागेसाठी बाहेर एक बारीकसा दिवा.

"कॉम्प्युटर काय करतो?" तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. "एक कागद उचलतो, शिक्का मारतो, दुसरा उचलतो. वटवाघूळ काय तुमच्या खिडकीसमोर रांगेत उभं राहणार आहे?"

हा कान हवा होता पवनचक्कीच्या कंपनीला. शहराबाहेरच्या टेकड्यांवर तिच्या चक्क्या होत्या आणि पात्यांना आपटून वटवाघळं मरत होती. नवा नियम आला की चक्कीवर वटवाघळं ओळखणारं यंत्र बसवायचं, आणि ती जवळ आली की पाती थांबवायची. वटवाघूळ उडताना ज्या हाका मारतं त्या आपल्याला ऐकू येत नाहीत, फार उंच आणि फार चपळ असतात. म्हणून कान वटवाघळाचाच पाहिजे, आणि तो आवाज येईल त्याच क्षणी ऐकणारा पाहिजे. रिअल टाइम. हा शब्द उच्चारताना नॅनोशेठ जरा ताठ व्हायचा.

काम जमलं तर त्याचं बेंच राहणार होतं. नाही जमलं तर बंद. बेंच म्हणजे तळमजल्यावरची एक लांब खोली, दोन टेबलं, एक सोल्डरिंगचा धूर ओढणारा पंखा आणि तो. संचालकांनी हे त्याला हसत हसत सांगितलं होतं. हा माणूस कुणाला नोकरीवरून काढायचा तर आधी त्याच्या तब्येतीची चौकशी करायचा.

आणि बेंच बंद झालं तर काय, हेही ठरलेलं होतं. नॅनोशेठच्या मेव्हण्याचं विजेच्या सामानाचं दुकान होतं. पंखे, मिक्सर, इस्त्र्या. "दाजी, कसलीही काळजी करू नका," मेव्हणा एकदा जेवताना म्हणाला होता. "काही कमीजास्त झालं तर आपलं दुकान आहे. काउंटरला जाणता माणूस लागतोच." त्यानं ते अगदी मनापासून म्हटलं होतं. नॅनोशेठला मात्र हा आयुष्यातला सर्वांत मोठा अपमान वाटला. घरी आल्यावर तो बायकोला म्हणाला, "तुझ्या भावाला वाटतं मी इस्त्र्या विकीन."

"तो चांगल्यासाठी बोलला हो."

"चांगल्यासाठी बोलणाऱ्यांनी आधी चांगलं काय ते शिकावं."

बायको अंथरुणं घालायला गेली. तीस वर्षांत तिला कळलं होतं की पालथ्या घड्यावर पाणी ओतून आपलीच फरशी ओली होते.

कानाला ऐकवायला हाका लागतात. त्या आणायचं काम एका तिशीतल्या बाईकडे होतं. ती संध्याकाळी माळावर, ओढ्याकाठी, पडक्या गोदामापाशी मायक्रोफोन घेऊन बसायची आणि वटवाघळं रेकॉर्ड करायची. तिला सगळे पाकोळी म्हणत. नॅनोशेठ तिला 'बाई' म्हणायचा आणि तिच्या मागे म्हणायचा की झाडाखाली बसायचा पगार मिळणारी ही जगातली दुसरी जात, पहिली माकडं. पहिल्या दिवशी ती फाइली घेऊन बेंचवर आली तेव्हा तो भिंगातून एक सांधा बघत होता.

"सर, ह्या फाइली लावताना वेगाचं एक लक्षात—"

"बाई," तो मान वर न करता म्हणाला, "वेगाचं मला सांगायचं नाही. ठेवा तिथं."

ती ठेवून गेली. सोबत एक कागद होता, तो त्यानं चहाच्या कपाखाली घेतला.

दोन वर्षं काम चाललं, आणि काम देखणं झालं हे मानायलाच हवं. पाहुणे आले की तो फाइल लावायचा, स्पीकर मोठा करायचा. खोलीभर चिवचिव व्हायची, टिव्, टिव्, चिर्र. वटवाघळाची हाक उंचावर सुरू होऊन खाली घसरते, तशी बोर्डावर दिव्यांची ओळ वरून खाली पळायची. पाहुणे तोंडात बोटं घालायचे. संचालक अशा वेळी बाजूला उभे राहून, कान जणू आपल्यालाच फुटला आहे अशा चेहऱ्यानं टाळ्या स्वीकारायचे.

"आणि इतकं करून वेळ उरतो," नॅनोशेठ सांगायचा. "आवाजाचा पुढचा ठोका यायच्या आत माझा बोर्ड काम उरकून झोपा काढतो."

वेळ खरोखरच इतका उरत होता की त्यानं एक काटकसर केली. फिल्टर चालायला गुणाकार करावे लागतात, आणि गुणाकार करणारे भाग चिपमध्ये मोजके असतात. त्यानं दहा-दहा फिल्टरांना मिळून एकच भाग दिला. आधी एकाचा गुणाकार, मग दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा. ह्यालाच रांग म्हणतात, आणि कारकुनांना तो ह्याच कारणासाठी हसायचा, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, ह्यातलं अर्धंच वाक्य त्याला पाठ होतं.

टेकडीवरची चाचणी एका गुरुवारी संध्याकाळी ठरली. कंपनीकडून एक माणूस आला होता. डोंगरावर टाय लावून आलेला इसम काय लायकीचा असणार ते नॅनोशेठनं लांबूनच ठरवलं. संचालक त्याच्या पुढेपुढे करत होते. पाकोळी खांबाच्या पायथ्याशी उकिडवी बसून मायक्रोफोनची वायर जोडत होती. बोर्ड एका पत्र्याच्या पेटीत होता आणि पेटीतून चक्कीच्या नियंत्रणाला तार गेली होती. कानानं हाक ओळखली की पाती थांबणार.

ऊन उतरलं, आणि ती आली. डोळ्यांना दिसत होती. आधी दोन, मग दहा-बारा, मग मोजता येईनात इतकी. पाकोळीच्या हातातलं छोटं यंत्र, वटवाघूळ जवळ आलं की नुसतं टकटक करणारं, एकसारखं वाजत होतं. वर पाती संथपणे फिरत होती, वुश्श, वुश्श.

पेटीतल्या दीडशे दिव्यांपैकी एकही लागत नव्हता. मधूनच कुठलातरी एखादा मिणमिणायचा आणि ओशाळल्यासारखा विझायचा.

नॅनोशेठनं वायर काढून लावली. पेटी उघडून बंद केली. सगळ्यांच्या देखत बोर्डावर एक टिचकीही मारली. हे दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्यानं त्याची वर्षभर टिंगल केली असती. वर काहीतरी पात्याला लागलं, फट् असा बारीक आवाज झाला आणि ते गवतात पडलं. संचालक मोठ्यानं हवामानाबद्दल बोलू लागले.

टायवाला मात्र वैतागला नव्हता. तो हात मागे बांधून वर बघत होता. "आवाज तर काहीच येत नाही," तो पाकोळीला म्हणाला. "परवा तळमजल्यावर ह्यांच्या खोलीत केवढी चिवचिव होती."

"इथं नाही येणार," पाकोळी म्हणाली. "आपल्या कानाला ऐकूच येत नाही ती. थांबा, ऐकवते." तिनं फोन काढला. टिव्, टिव्, चिर्र. "हे मी दहापट हळू केलंय. आपल्याला ऐकू यावं म्हणून. खरी हाक ह्याच्या दहापट वेगानं जाते."

नॅनोशेठ पेटीवर वाकलेला होता, तो तसाच राहिला.

वटवाघूळ माणसाला ऐकू येत नाही हे शाळेतल्या पोरालासुद्धा माहीत असतं. त्यालाही माहीत होतं. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तो आधी हेच सांगायचा, आणि मग स्पीकर लावून वटवाघूळ ऐकवायचा. दोन वर्षं. संचालकांनी ऐकलं, पाहुण्यांनी ऐकलं, ज्योतिष्यांनी आणि कारकुनांनी ऐकलं, सगळ्यांनी माना डोलावल्या. ऐकू न येणारी गोष्ट आपल्याला ऐकू कशी येते, हे एवढ्या विद्वानांतल्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही. आणि ज्यानं विचारायला हवं होतं तो काम संपवून झोपा काढणाऱ्या बोर्डाचं कौतुक करत बसला होता. बोर्ड झोपा काढणार नाही तर काय करणार? त्याला मिळालेला वेळ खऱ्या वटवाघळाच्या दहापट होता. इथं उघड्यावर खरा आवाज खऱ्या वेगानं आला, तर दहांतला एकच ठोका त्याच्या हाती लागत होता, बाकी नऊ सांडत होते.

पाकोळी जवळ आली. हळू आवाजात, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं तिनं विचारलं, "सर, बेंचवर तुम्ही मूळ वेगानंच लावत होतात ना?"

"म्हणजे काय, मूळ वेगानंच," नॅनोशेठ म्हणाला.

ती त्याच्याकडे क्षणभर बघत राहिली आणि वायर गुंडाळायला गेली. तिला कळलं होतं. तिला कळलं हे त्यालाही कळलं, आणि त्याला तिचाच राग आला.

परतताना गाडीत संचालकांनी विचारलं, "माशी कुठं शिंकली?" हसत हसतच विचारलं, पण तब्येतीची चौकशी करूनच. नॅनोशेठला एकदम मेव्हण्याचं काउंटर दिसलं, काचेखाली मांडलेले होल्डर आणि पिना दिसल्या.

"रेकॉर्डिंगमध्ये गडबड असावी," तो म्हणाला.

पाकोळी मागच्या गाडीत होती.

ह्या वाक्याचा त्याला पश्चात्ताप वगैरे झाला नाही. पडलो तरी नाक वर असणाऱ्यांना नाक सांभाळण्यातच इतका दम लागतो की बाकी कशाला पुरत नाही. त्याचा हिशेब सरळ होता. चूक दुरुस्त करायची, कान चालवून दाखवायचा, मग कोण विचारतंय गाडीत कोण काय बोललं. दहा दिवस तो बेंचवरून हलला नाही. वाटून दिलेले गुणाकार त्यानं मोडले, प्रत्येक फिल्टरला त्याचा स्वतःचा भाग दिला. चिप काठोकाठ भरली. मूळ वेगानं फाइली लावल्या तेव्हा स्पीकरमधून काहीच आलं नाही. खोली गप्प होती आणि दिवे वरून खाली असे पळत होते की ओळ दिसेना, नुसती चमक दिसत होती. नॅनोशेठ कितीतरी वेळ त्या शांततेत बसून राहिला. असं सुंदर काम त्यानं आयुष्यात केलं नव्हतं, आणि ते बघायला जवळ कुणीही नव्हतं. आजवर त्यानं कुणाला जवळ उभंच केलं नव्हतं, तर असणार कोण?

टेकडीवरच्या चक्कीची किल्ली पाकोळीकडे असायची, म्हणून तिला सांगणं भाग पडलं. दोघंच गेले. ह्या वेळी पहिलं वटवाघूळ दिसायच्या आत पेटी उजळली आणि वरची पाती मंद होत होत थांबली. थवा त्यांच्यामधून निघून गेला. पाती पुन्हा फिरू लागली, पुन्हा थांबली. तासाभरात सात वेळा.

"बघा," नॅनोशेठ म्हणाला. त्यानं पेटीवरची धूळ बाहीनं पुसली.

"बघितलं, सर. छान झालंय." पाकोळीनं सातही वेळा वहीत लिहून घेतल्या. मग वही मिटून म्हणाली, "आता साहेबांना सांगा की माझ्या फाइली बरोबर होत्या. माझं काम पुढच्या महिन्यापासून बंद करताहेत."

"सांगतो की. उद्याच मीटिंग आहे."

तो खरंच सांगणार होता. वाक्यही तयार होतं: 'फाइलींच्या बाबतीत आमच्या दोघांत थोडा गैरसमज झाला होता.' आमच्या दोघांत. थोडा.

मीटिंगला टायवाला आधीच येऊन बसला होता. संचालकांनी नव्या चाचणीची हकिगत सांगितली, म्हणजे स्वतः टेकडीवर उभे होते अशा थाटात सांगितली. टायवाला ऐकत होता.

"सात वेळा," तो म्हणाला. "एका तासात. म्हणजे माझी चक्की अर्धा वेळ बंदच."

"वटवाघळं वाचतात ना पण," पाकोळी म्हणाली.

"हो हो, ते आहेच. आणि त्या आधीच्या गुरुवारी किती वेळा थांबली होती?"

संचालक समोरचे कागद चाळायला लागले.

"एकदाही नाही," टायवाल्यानंच उत्तर दिलं. "मला तो आवडला. शांत होता. लॅबमध्ये तो चालतो ना? मी स्वतः बघितलाय. नियमात काय लिहिलंय, लॅबमध्ये तपासलेलं यंत्र बसवा. बसवतो. चाळीस चक्क्यांवर बसवतो. पण तो पहिला द्या."

नॅनोशेठला आधी वाटलं की आपल्याला नीट कळलं नाही. त्यानं संचालकांकडे बघितलं. संचालकांना कळलं होतं. साबणाला कुठल्या हातात जायचं ते सांगावं लागत नाही.

"पहिल्याचा अहवाल तर तयारच आहे," संचालक म्हणाले. "दोन सह्या राहिल्यात. रेकॉर्डिंगची आणि बोर्डाची."

"मी नाही करणार," पाकोळी म्हणाली. तिनं वही उचलली, खुर्ची नीट आत सारली आणि नॅनोशेठकडे बघून थांबली. तयार वाक्य म्हणायला ह्याहून मोठी फट मिळणार नव्हती. तो टेबलाच्या कडेवर नख घासत होता. ती निघून गेली.

"त्यांच्या सहीची गरजच नाही," संचालक म्हणाले. "रेकॉर्डिंगमध्ये गडबड होती, हे तुम्हीच मला सांगितलंत. दुसऱ्या कुणाच्या तरी फाइली दाखवू." त्यांनी कागद पुढे सरकवला. "चाळीस बोर्ड म्हणजे बेंचला पाच वर्षं बघायला नको. तब्येत कशी आहे तुमची?"

अहवालात खोटं एकही वाक्य नव्हतं. 'दिलेल्या ध्वनीवर हे यंत्र रिअल टाइममध्ये काम करते.' दिलेल्या ध्वनीवर करतच होतं. नॅनोशेठनं ते दोनदा वाचलं आणि सही केली.

बेंच राहिलं. वर नवं कपाट मिळालं, खोलीला रंग मिळाला. पाहुणे वाढले. संचालक त्यांना घेऊन यायचे आणि म्हणायचे, "जरा ऐकवा ना ह्यांना." मग नॅनोशेठ स्पीकर लावायचा, टिव्, टिव्, चिर्र, आणि पाहुणे टाळ्या वाजवायचे. पूर्वी त्या टाळ्यांचा त्याला तिटकारा होता, पण त्या तिटकाऱ्यात मजा होती. मूर्ख टाळ्या वाजवताहेत आणि आपण शहाणे बघतो आहोत, अशी. आता मूर्खच टाळ्या वाजवत होते, पण शहाणा कुणी उरला नव्हता.

दोन महिन्यांनी पाकोळी किल्ल्या परत करायला आली. तिला दुसरीकडे काहीतरी मिळालं होतं, कुठं ते त्यानं विचारलं नाही. तिनं बुटाचा एक खोका त्याच्या टेबलावर ठेवला.

"टेकडीवरची आहेत," ती म्हणाली. "एका आठवड्यातली, एका चक्कीखालची."

त्यानं झाकण उचललं. अंगठ्याएवढी होती, वाळलेली, पंख अंगाशी घेतलेली. कान मात्र मोठे होते, अंगाच्या मानानं अवास्तव मोठे, आणि त्यांच्यावरच्या बारीक आडव्या रेघासुद्धा शाबूत होत्या. दोन वर्षं हा कान बनवला आणि खरा कधी हातात घेऊन बघितला नाही, हे त्याला तेव्हा जाणवलं.

"बाई, मी सांगणार होतो," तो म्हणाला.

"किती नॅनोसेकंदांत, सर?" तिनं विचारलं. उत्तरासाठी ती थांबली नाही.

त्यानंतर तीन दिवस तो कामावर गेला नाही. चौथ्या दिवशी दुपारी कपडे करून बायकोला म्हणाला, "तुझ्या भावाच्या दुकानावर जाऊन येतो. उद्यापासून बसतो म्हणतो तिथं."

बायकोनं हातातलं काम बाजूला ठेवलं. "अहो, बरं आहे ना?"

"त्याला जाणता माणूस हवा होता ना? मग." आपण मेव्हण्यावर केवढे उपकार करतो आहोत ह्या विचारानं त्याला वाटेत जरा हलकंही वाटलं. राजा आपण होऊन शेतावर राबायला निघाला तर जसं वाटेल तसं. शेत घेईल की नाही ही शंका राजाला येत नाही.

दुकानात एक म्हातारी बाई टेबलफॅन घेत होती. मेव्हण्यानं खोका फोडून पंखा काउंटरवर मांडला होता, वायर लावली होती, तिन्ही वेग एकेक करून दाखवत होता. "चालू राहू दे वीस मिनिटं, आजी. तापतो का बघू. मग न्या." नॅनोशेठला बघून त्याचा चेहरा फुलला. त्यानं त्याला आतल्या स्टुलावर बसवलं, चहा मागवला, आणि उद्यापासून येतो हे ऐकून तर दोन्ही हातांनी त्याचा हात धरला. "अहो दाजी, दुकान तुमचंच आहे. पण एवढं नाव झालं म्हणता, चाळीस यंत्रं बसली, मग सोडता कशाला?"

आणि नॅनोशेठनं सांगितलं. कुणालाच न सांगितलेलं सगळं सांगितलं. अडाण्याला सांगायला हरकत नसते, त्याला काय कळणार, असं समजून सांगितलं. मेव्हणा पंख्यावर एक हात ठेवून ऐकत होता. मधूनमधून मागची पेटी तापली का ते चाचपत होता.

"थांबा, मला कळू द्या," तो शेवटी म्हणाला. "चालणारं यंत्र तुमच्यापाशी होतं?"

"होतं."

"आणि तुम्ही न चालणारं दिलंत."

"मी कुठं दिलं? त्यांनीच ते मागितलं."

"चालतं म्हणून सही कुणाची आहे?"

नॅनोशेठनं कपातला चहा फिरवला.

"आणि त्या बाई?"

"तिला दुसरीकडे मिळालं."

मेव्हण्यानं पंख्यावरचा हात काढून घेतला. रागावल्यासारखा दिसत नव्हता. खरं तर तो अवघडला होता, घरच्या माणसाला नाही म्हणताना माणूस अवघडतो तसा. "दाजी," तो म्हणाला, "ताईला मी काहीतरी सांगतो, तुम्ही नका काळजी करू. लागेल ती मदत मागा. पण इथं नको."

"म्हणजे?"

"इथं गिऱ्हाईक एकच गोष्ट विचारतं. न चालणारी वस्तू गेली तर दुसऱ्या दिवशी ते दारात उभं राहतं, आणि मला त्याच्या तोंडाकडे बघावं लागतं. तुमच्या गिऱ्हाइकाला बोलता येत नव्हतं." त्यानं आवाज आणखी खाली आणला. "मला तुमची भीती वाटेल हो दुकानात."

ह्यावर म्हणण्यासारखी शंभर वाक्यं नॅनोशेठकडे होती. आयुष्यभर त्यानं तीच गोळा केली होती. इस्त्र्या विकणाऱ्याला त्याची जागा दाखवणारी, पिना-होल्डरांचा उद्धार करणारी. एकही जिभेवर आलं नाही. तो स्टुलावरून उठला आणि काउंटरच्या फटीतून बाहेर पडायला लागला.

म्हातारीनं त्याला आतून येताना बघितलं. तिला तो दुकानातलाच वाटला असणार. पंख्याच्या वाऱ्यात उडणारा पदर एका हातानं धरून तिनं त्याला विचारलं, "अहो, नीट चालेल ना हा?"

पंखा त्याच्या समोर चालू होता. तिन्ही वेगांवर चाललेला त्यानं बघितला होता. त्यानं तोंड उघडलं, आणि वळून मेव्हण्याकडे बघितलं.

"चालेल, आजी," मेव्हणा म्हणाला.